नळी नवी, नेम मात्र चुकीचा

बेळगावच्या कॅम्पात १९२२ सालापासून मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. त्यामुळे बेळगाव, खानापूर, चिक्कोडी, निपाणी, आणि शेजारचे चंदगड व गडहिंग्लज या टापूत रायफल ही वस्तू कोणास फारशी अपरिचित नाही. पलटणीत आयुष्य काढून आलेली चार माणसे ज्या गावात नाहीत असे गाव येथे शोधावे लागेल. ‘थ्री-नॉट-थ्री’ हा शब्द तर या भागातील आजीबाईंच्याही तोंडी असावयाचा. अशा मुलखात एक तक्रार अधूनमधून कानी येते. रायफलीची जुनी नळी गंजली म्हणून नवी बसवून घेतली, पैसे मोजले, आणि पहिल्याच चांदमारीत असे दिसून आले की, जुनी गंजकी नळीच बरी होती!

अशा वेळी मालकाच्या मनात दोन निष्कर्ष तत्काळ उभे राहतात. एक, नवी नळी खोटी निघाली. दुसरा, जो तो बोलून दाखवीत नाही, की आपला हात आता पूर्वीचा राहिला नाही. पुष्कळदा हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे असतात. रायफलीची अचूकता एकट्या नळीत नसते. नळी, तिला धरणारे लाकूड, तिच्यावरील माशी, तिच्यातून जाणारे काडतूस आणि मागे टेकलेला खांदा या पाचांचा तो संसार असतो. त्यांतील एक जण बदलला की उरलेल्या चौघांशी त्याचे नव्याने जुळावे लागते.

या जुळण्या-न-जुळण्याला महत्त्व का द्यावयाचे? उदाहरणार्थ, खानापूरकडील जंगलाच्या कडेला राहणारा एखादा शेतकरी घ्यावा. थ्री-नॉट-थ्री हे सैन्याच्या मापाचे शस्त्र असल्याने सामान्य नागरिकास ते मिळत नाही. त्याच्याकडे असते ती ईशापूरच्या कारखान्यात तयार झालेली ·३१५ ची स्पोर्टिंग रायफल. तीही ली-एन्फील्डच्याच जातकुळीतील. रानडुकरे पीक लोळवतात हे खरे. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे वनखात्याच्या परवानगीवाचून त्यांच्यावरही गोळी झाडता येत नाही. परवानगी मिळाली आणि गोळी हातभर बाजूला गेली, तर जनावर जखमी होऊन उसात शिरते. त्याच उसाच्या बांधावर तोडणी कामगारांची पाले असतात, पोरेबाळे असतात. चुकलेली गोळी कुंपणापाशी थांबत नाही. ती मैलभराच्याही पुढे जाऊ शकते. म्हणून नळी बदललेली रायफल तपासून घेतल्याशिवाय शेतात नेणे हा निष्काळजीपणा समजावयास हवा.

प्रथम नळीचे काम काय ते पाहू. नळीच्या आतल्या अंगाला मळसूत्री चर कोरलेले असतात. या चरांवरूनच ‘रायफल’ हे नाव पडले. थ्री-नॉट-थ्रीच्या नळीत असे पाच चर डावीकडे वळत जातात आणि दर दहा इंचांत एक पूर्ण फेरा घेतात. गोळी सेकंदाला सुमारे २,४४० फुटांच्या वेगाने बाहेर पडते. म्हणजे त्या क्षणी ती स्वतःभोवती सेकंदाला २,९०० हून अधिक गिरक्या घेत असते. भोवरा जसा फिरण्यामुळे उभा राहतो, तशी गोळी फिरण्यामुळे नाक पुढे ठेवून जाते. हा प्रवास सेकंदाच्या हजाराव्या भागात, किंवा फार तर दीडपट वेळात, आटोपतो. तथापि तेवढ्या अवधीतही नळी स्थिर नसते. ती थरथरते, किंचित वाकते व पुन्हा सरळ होते. गोळी बाहेर पडते त्या क्षणी नळीचे तोंड कोणीकडे वळलेले असेल, तिकडे गोळी जाते. ते दर वेळी एकाच दिशेला असावे, एवढीच अचूकतेची मागणी आहे.

तेव्हा नवी नळी चुकते आहे असे वाटल्यास पहिला नियम हा की, कशालाही हात लावावयाचा नाही. मान्यताप्राप्त चांदमारीवर जावे. नळी पुसून कोरडी करावी. वाळूच्या पोत्यावर रायफलीचे पुढचे लाकूड टेकावे; नळी मात्र पोत्यावर टेकू नये. एकाच पेटीतील काडतुसे घ्यावीत आणि शंभर यार्डांवरून, एकाच बिंदूवर नेम धरून, सावकाश पाच गोळ्या झाडाव्यात. मध्येच माशी सरकवण्याचा मोह आवरावा. नळी निवली की नव्या कागदावर पुन्हा पाच. मग ते दोन्ही कागद घेऊन सावलीत बसावे.

त्या कागदांवर पाहावयाचे ते एवढेच, की पाच भोके एकत्र आहेत की विखुरलेली आहेत. घरातील एखादे घड्याळ रोज बरोबर दहा मिनिटे पुढे असते. त्याचा काटा फिरवला की काम झाले. दुसरे घड्याळ आज पाच मिनिटे पुढे, उद्या सात मिनिटे मागे असते. त्याचा काटा कितीही फिरवला तरी उपयोग नाही, ते उघडावेच लागते. रायफलीचेही तसेच आहे. भोके एका मुठीत मावतात परंतु मध्यापासून दूर आहेत, तर दोष माशीचा. भोके कागदभर पसरली आहेत, तर दोष अन्यत्र, आणि तेथे माशीला हात लावणे म्हणजे दुसऱ्या घड्याळाचा काटा फिरवीत बसणे होय. नळी बदलून घेणाऱ्यांपैकी बहुतेकांचा घोटाळा या एका ठिकाणी होतो. विखुरलेल्या गोळ्यांचा इलाज ते माशीवर करतात, आणि दारूगोळा संपेपर्यंत करीत राहतात.

पहिला प्रकार सोपा आहे. माशी नळीवरच बसवलेली असते. नवी नळी आली म्हणजे माशीचे आसनही नवे आले. थ्री-नॉट-थ्रीच्या जुन्या नमुन्यात माशी आणि मागचे पान यांत सुमारे साडेएकोणीस इंचांचे अंतर असते. हिशोब केला तर माशीच्या उंचीत इंचाचे केवळ पंधरा सहस्रांश एवढा फरक पडला तरी शंभर यार्डांवर गोळी पावणेतीन इंच वर किंवा खाली जाते. म्हणूनच त्या रायफलीच्या माश्या पंधरा-पंधरा सहस्रांशांच्या फरकाने वेगवेगळ्या उंचीच्या केलेल्या असत, आणि पलटणीचा आर्मरर त्यांतून योग्य ती निवडून घालीत असे. येथे सामान्य माणसाला उलटी वाटणारी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. गोळ्या उजवीकडे जात असतील तर माशी उजवीकडेच सरकवावयाची, आणि गोळ्या वर जात असतील तर माशी अधिक उंच घालावयाची. कारण उघड आहे. माशी उंच झाली की ती डोळ्याच्या रेषेत आणण्यासाठी नळीचे तोंड खाली करावे लागते. हे न उमजता कानस घेऊन बसणारे शहाणे कमी नाहीत. वर जाणाऱ्या गोळ्या खाली आणण्यासाठी ते माशी घासतात, गोळ्या आणखी वर जातात, आणि घासलेले लोखंड काही परत येत नाही.

काही नमुन्यांत मागचे पान नळीवर नसून रायफलीच्या मुख्य अंगावर असते. त्यांत नळीचे आटे पुरते घट्ट बसले असूनही माशी सरळ उभी न राहता एका बाजूला कललेली दिसते. हा मात्र बसवणाऱ्याचा दोष. तो माशी सरकवून झाकण्यापेक्षा रायफल परत नेऊन दुरुस्त करून घेणे बरे.

आता दुसरा प्रकार, विखुरलेल्या गोळ्यांचा. यात प्रथम पेच पाहावेत. हे इतके साधे आहे की मोठमोठे जाणकार ते विसरतात. नळी बदलताना सर्व पेच काढून पुन्हा लावलेले असतात, आणि पहिल्या दहा-वीस धक्क्यांनी नव्याने बसलेले लाकूड थोडे दबते व पेच सैल पडतात. ली-एन्फील्डच्या घराण्यात खांद्याला टेकणारा दस्ता वेगळा असून तो आतून एका लांब बोल्टने आवळलेला असतो. दस्ता हाताने हलवून पाहिला आणि किंचित जरी कुरकुरला, तरी पुढील तपासणी त्यानंतरच करावी.

पेच घट्ट असूनही गोळ्या विखरत असतील तर लक्ष लाकडाकडे वळवावे; आणि बेळगावच्या हवेत तर विशेषेकरून वळवावे. (बेळगावात ‘कुंदा’ म्हटले की लोकांना मिठाई आठवते, बंदुकीच्या लाकडालाही कुंदाच म्हणतात हे फार थोड्यांच्या ध्यानी असते.) लाकूड तोडून, वाळवून, तेल पाजून कितीही वर्षे झाली तरी ते हवेतील ओल घेते आणि सोडते. निपाणीच्या वखारीत तंबाखू हाताळणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. तेच पान कोरड्या हवेत हातात चुरते आणि पावसाळी हवेत रेशमासारखे मऊ पडते. पान पाहून तो हवेची ओल सांगेल. रायफलीचे लाकूड इतक्या उघडपणे बोलत नाही, परंतु आंबोली-कणकुंबीकडून पाऊस सुरू झाला की तेही फुगते, आणि मार्च-एप्रिलात आकसते. जुन्या नळीने आणि जुन्या लाकडाने वीस-पंचवीस पावसाळे एकत्र काढून एकमेकांची सवय करून घेतलेली असते. नव्या नळीची जाडी केसभर अधिक असली तरी ते लाकूड तिला एका कुशीवर टोचू लागते. जून महिन्यात टोचते, मे महिन्यात सोडते. मग मालक म्हणतो, रायफल कधी चांगली चालते आणि कधी चालत नाही, हिला काहीतरी बाधा झाली आहे.

हे टोचणे एवढे महत्त्वाचे का, हे मिरजेच्या तंबोऱ्यावरून चटकन समजते. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा लहानसा धागा घालतात. तो धागा किंचित मागेपुढे सरकवला की तारेचा नाद बदलतो; तार तीच, ताण तोच. थरथरणाऱ्या वस्तूला कोठे आणि किती जोराने स्पर्श होतो यावर तिची थरथर अवलंबून असते. नळी हीही एक थरथरणारी वस्तू. लाकूड तिला स्पर्श करते तो धागा समजावा.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. नळीला लाकडाचा स्पर्श मुळीच नसावा असा अलीकडे सार्वत्रिक समज झालेला आहे. आधुनिक चांदमारीच्या रायफली तशा असतात हे खरे. मुख्य अंगाजवळ पक्की धरलेली नळी पुढे संपूर्ण मोकळी सोडलेली असते. पण जुनी सैनिकी थ्री-नॉट-थ्री याच्या अगदी उलट तत्त्वावर बांधलेली आहे. तिचे लाकूड तोंडापर्यंत जाते, आणि तोंडाजवळ एक स्प्रिंग नळीला खालून मुद्दाम वर दाबून धरते. दोन्ही पद्धती उत्तम आहेत. वाईट आहे ती यांच्या मधली अवस्था, म्हणजे नळी कोठेतरी, कसातरी, आज थोडा व उद्या जास्त स्पर्श करते ती. नळी बदलणाऱ्या कारागिराने ही रायफल कोणत्या पद्धतीची आहे हे ओळखून लाकूड त्याप्रमाणे बसवले पाहिजे. नुसती नळी फिरवून घट्ट केली म्हणजे काम पुरे झाले असे नव्हे.

स्पर्श कोठे होतो हे शोधण्याची रीत साधी आहे. पोस्टकार्डाच्या जाडीच्या कागदाची पट्टी नळी आणि लाकूड यांच्या फटीत घालून मागे ओढीत न्यावी. जेथे अडकेल तेथे खूण करावी. एवढे मालकाला करता येते. पुढचे काम कारागिराचे. तो नळीच्या खालच्या अंगाला दिव्याची काजळी तेलात कालवून पुसट लावतो, लाकूड बसवतो, आवळतो आणि पुन्हा काढतो. लाकडावर जेथे काळे उमटले तेथे स्पर्श. दोन्ही कुशींवर सारखे उमटले तर ठीक. एकाच बाजूस ठिपका उमटला तर तेवढाच भाग खरवडावयाचा, फार नाही, आणि पुन्हा काजळी. घाईचा कारागीर एकदाच खूप खरवडतो. चांगला कारागीर दहा वेळा थोडे थोडे खरवडतो, आणि उघड्या पडलेल्या लाकडाला शेवटी तेल पाजतो, नाही तर पुढल्या पावसाळ्यात ते दुप्पट ओल पिते.

कागदावरील भोकांची आकृतीही पुष्कळ काही सांगते. पहिली दोन भोके जागेवर आणि पुढली क्रमाने वर वर चढत गेली असतील, तर नळी तापून लांबते-फुगते आहे आणि लाकूड तिला अडवते आहे. भोकांचे दोन निरनिराळे पुंजके पडले असतील, तर काहीतरी सैल आहे व धक्क्यासरशी दोन जागांपैकी एकीवर जाऊन बसते आहे. मुख्य अंगाची लाकडातील बैठक किंवा खुद्द माशी तपासावी. भोके चहूकडे सारखी पसरली असतील, तर नळीचे तोंड, नळीचा आतला भाग आणि काडतुसे यांच्याकडे जावे.

नळीच्या तोंडाची कड हा नाजूक भाग. गोळी बाहेर पडते त्या क्षणी मागून येणारा वायू तिच्या बुडाला चहूबाजूंनी सारखाच सुटला पाहिजे. कडेला एके ठिकाणी बारीकशी खोच असली तर वायू तेथून आधी निसटतो आणि गोळीला बाजूला ढकलतो. सैन्यात नळी साफ करण्यास पुलथ्रूची दोरी वापरीत. ती सरळ न ओढता तिरकी ओढली की वर्षानुवर्षांनी तोंडाच्या कडेला घळ पडे. नवी म्हणून बसवलेली नळी कोठल्या तरी जुन्या रायफलीवरून काढलेली नाही ना, हे या कडेवरून पुष्कळ अंशी समजते.

आतला भाग खरोखरच कोरा असेल तर त्यात साठवणीचे ग्रीस राहिलेले असू शकते. ते निघाल्यावाचून नेमाची परीक्षा घेण्यात अर्थ नाही. तेलकट नळीतून सुटलेली पहिली गोळी इतरांपासून वेगळी पडते, हे जुन्या शिपायांना चांगले ठाऊक असे. जुन्या सैनिकी काडतुसांच्या टोपीत क्लोरेटचा क्षार असे. तो जळून नळीत मिठासारखा थर राहतो, आणि मीठ जशी हवेतील ओल खेचते तशी तो खेचतो. त्यावर तेलाचा उपाय चालत नाही. मीठ पाण्यातच विरघळते. म्हणून पलटणीत नळीतून उकळते पाणी ओतीत आणि मग पुसून तेल लावीत. निवडणुकीच्या दिवसांत रायफली ठाण्यात जमा होतात. गोळी झाडल्यावर न धुतलेली रायफल तशीच जमा केली, तर महिन्या-दोन महिन्यांनी परत मिळते तेव्हा नव्या नळीचीही जुनी झालेली असते.

काडतुसांच्या बाबतीत एक गोष्ट सांगताना मागाहून येते, पण करताना सर्वांआधी करावयाची आहे. बंद केलेल्या बोल्टचे तोंड आणि नळीचे बूड यांच्यामध्ये काडतुसाच्या कडेपुरतीच जागा असली पाहिजे. थ्री-नॉट-थ्रीत ती इंचाच्या ६४ ते ७४ सहस्रांशांच्या दरम्यान असावी असे प्रमाण होते. नळी बदलली की हे अंतर बदलते. जागा जास्त झाली तर पितळी पुंगळी मागे ताणली जाऊन फाटते, आणि तप्त वायू नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येण्याचा संभव असतो. हे अंतर मापकांनीच तपासले जाते, डोळ्यांनी नव्हे. मापक न लावता नळी बसवून दिलेल्या रायफलीतून एकही गोळी झाडू नये. १९५९ च्या शस्त्र कायद्याने दुरुस्तीचे काम परवानाधारकाकडेच सोपवले आहे. त्या अटीचा अर्थ या एका अंतरावरूनही कळून येईल.

राहिली गोष्ट काडतुसांच्या घाण्याची. भजी जशी घाण्याघाण्याने वेगळी निघतात, तशीच काडतुसेही. एकाच कारखान्याच्या दोन घाण्यांत दारूचा थोडाफार फरक पडतो, आणि एखाद्या नळीला एक मानवतो, दुसरा मानवत नाही. निपाणीहून कोल्हापूर फार दूर नाही. तेथील तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर रायफलच्या प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्यपदक पटकावले. या स्पर्धांत पन्नास मीटरवरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०·४ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे असते. या पातळीवर रायफल शिकंज्यात धरून निरनिराळ्या घाण्यांची काडतुसे झाडून पाहतात आणि नळीला मानवेल तोच घाणा वर्षभरासाठी घेऊन ठेवतात. शेतकऱ्याला इतके करण्याचे कारण नाही. परंतु तीन पेट्यांतील उरलीसुरली काडतुसे एकत्र करून नळीची परीक्षा घेऊ नये, एवढे तरी त्याने पाळावे.

हे सर्व होऊनही गोळ्या विखरत असतील तर मग हाताकडे यावे. दुसऱ्या भरवशाच्या नेमबाजाकडून तीच रायफल झाडवून घ्यावी. त्याच्याही गोळ्या विखुरल्या तर हात निर्दोष. त्याच्या एकत्र पडल्या तर आणखी एक परीक्षा आहे. मित्राने मालकाच्या नकळत, खऱ्या काडतुसांमध्ये एखादे दारू नसलेले सरावाचे काडतूस घालावे. चाप ओढताच आवाज होत नाही आणि तरीही नळीचे तोंड खाली झुकते, तर मालक धक्क्याच्या भीतीने आधीच अंग आकसून घेतो आहे, हे सर्वांसमक्ष दिसते. नवी नळी बसवताना दस्ताही बदलला असेल व तो लांब किंवा आखूड झाला असेल, तर मुरलेल्या शिपायालाही ही खोड लागू शकते. दस्त्याची लांबी जमवली की ती बहुधा जाते.

शोध घेताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पेच आवळले, लाकूड खरवडले आणि काडतुसेही बदलली, मग रायफल सुधारली, तर कशामुळे सुधारली हे कळत नाही. आणि ती पुन्हा बिघडली तर पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. प्रत्येक कागदावर तारीख, काडतुसांचा घाणा, हवा कोरडी होती की पावसाळी, आणि त्या दिवशी काय बदलले, हे पेन्सिलीने लिहून तो कागद घडी घालून ठेवावा. जूनमधला एक कागद आणि मेमधला एक कागद शेजारी शेजारी ठेवले की लाकडाचा गुन्हा बहुधा तेथेच सापडतो.